गाडी टोटल लॉस धरायची की दुरुस्त करायची? ७५ टक्क्यांचा हिशेब आणि आरसीचा घोळ

पांढरी_हॅचबॅक
पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसी, वय दोन वर्षं आठ महिने. समोरून आणि डावीकडून धडक. दोन्ही एअरबॅग उघडल्या आहेत, डावा एप्रन (चाकावरचा आतला पत्रा) आणि ए-पिलर (समोरच्या काचेच्या बाजूचा खांब) दुमडलाय, रेडिएटर-कंडेन्सर गेलेत. गाडी वर्कशॉपमध्ये आहे, काम सुरू केलेलं नाही.

आयडीव्ही (पॉलिसीत ठरलेली गाडीची किंमत) ५,६०,०००. वर्कशॉपचं एस्टिमेट ५,१०,०००. खर्चाचे फाटे असे: लोखंडी पार्ट २,१०,०००, प्लास्टिक-रबर-एअरबॅग १,३०,०००, काचा ३०,०००, मजुरी ९०,०००, रंगकाम ५०,०००. पॉलिसी साधी कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे, झिरो डेप (पार्टवरचा घसारा न कापणारं जादा कव्हर) नाही. कर्जाचे ३,९०,००० बाकी आहेत.

एस्टिमेट आयडीव्हीच्या ९१ टक्के होतं, तरी कंपनीचे सर्व्हेअर (नुकसान मोजणारे) म्हणतात की हा टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं धरून आयडीव्हीप्रमाणे भरपाई, असा बसत नाही. त्याच वेळी कंपनीकडून फोनवर असंही सुचवलं गेलं, की हवं तर "नेट ऑफ सॅल्व्हेज, विथ आरसी" करू (मोडक्या गाडीची किंमत वजा करून पैसे, आणि गाडी नोंदणीच्या कागदासकट, म्हणजे आरसीसकट, विकायची), लवकर मोकळे व्हाल. दोन प्रश्न आहेत. सर्व्हेअरचं म्हणणं बरोबर आहे का? आणि "विथ आरसी"ला हो म्हटलं तर पुढे काय निस्तरावं लागतं?

सर्व्हे_वही
पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोडं कडू आहे. आज कागदावर जे आकडे आहेत त्यांवर सर्व्हेअर बरोबर आहे. पण ते आकडे अजून पूर्ण नाहीत.

७५ टक्क्यांचा नियम इंडियन मोटर टॅरिफमधला (मोटार विम्याच्या नियमावलीतला) आहे आणि तुमच्या पॉलिसीच्या मजकुरातही तो सापडेल. गाडी परत मिळवण्याचा आणि दुरुस्तीचा एकूण खर्च "पॉलिसीच्या अटींच्या अधीन राहून" आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, तर तो कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस. सगळी गोम त्या "अटींच्या अधीन" मध्ये आहे. वर्कशॉपचं एस्टिमेट थेट ७५ टक्क्यांशी ताडून पाहायचं नसतं. आधी घसारा कापायचा आणि जे उरेल ते ताडायचं.

तुमच्या गाडीचं वय दोन ते तीन वर्षांच्या पट्ट्यात आहे. त्यामुळे:

लोखंडी पार्ट २,१०,००० वर १५ टक्के, म्हणजे ३१,५०० वजा.
प्लास्टिक, रबर, एअरबॅग १,३०,००० वर ५० टक्के, म्हणजे ६५,००० वजा. (टायर, ट्यूब, बॅटरीही याच गटात. फायबरग्लासला ३० टक्के.)
काचांवर घसारा नाही. मजुरीवरही नाही.
रंगकामाच्या एकत्रित बिलात २५ टक्के माल धरतात आणि त्या मालावर ५० टक्के घसारा. ५०,००० चे १२,५००, त्याचे निम्मे ६,२५० वजा.

एकूण वजावट १,०२,७५०. उरले ४,०७,२५०. तुमची ७५ टक्क्यांची रेषा ४,२०,००० वर आहे. म्हणजे फक्त पावणेतेरा हजारांनी तुम्ही रेषेच्या अलीकडे आहात. दुरुस्ती केलीत तर वरचे १,०२,७५० आणि कंपल्सरी डिडक्टिबलचे, म्हणजे क्लेममध्ये मालकाने स्वतः सोसायचे, १,००० (१५०० सीसीपर्यंत इतकेच, त्यावर २,०००) असे १,०३,७५० खिशातून जातील.

आता याच गाडीला झिरो डेप असतं तर? घसारा कापलाच जात नाही, मग ५,१०,००० सरळ रेषेच्या पलीकडे आणि गाडी टोटल लॉस. झिरो डेपमुळे टोटल लॉसची रक्कम एक रुपयानेही वाढत नाही, पण गाडी टोटल लॉसच्या पट्ट्यात लवकर जाते. हे पॉलिसी विकताना कोणी सांगत नाही.

पुढचा मुद्दा तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. ए-पिलर दुमडलाय आणि एप्रन आत गेलाय म्हणता, पण एस्टिमेटमध्ये सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन धरणारी खालची चौकट) आणि स्टिअरिंग रॅक (स्टिअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणारा भाग) आहे का ते बघा. धडक डाव्या कोपऱ्यात बसली की हे दोन्ही बहुतेक वेळा वाकलेले असतात आणि बंपर, रेडिएटर सपोर्ट उतरवल्याशिवाय दिसत नाहीत. समजा सबफ्रेम १४,००० आणि रॅक २४,००० चा निघाला. ३८,००० मधून १५ टक्के गेले, ३२,३०० उरले. बेरीज ४,३९,५५० झाली आणि तुम्ही रेषा ओलांडलीत. वायरिंग हार्नेस आणि एअरबॅगचा ईसीयू (कंट्रोल युनिट) अजून मोजलेलाच नाही.

म्हणून वर्कशॉपला लेखी सांगा: गाडी उघडून तपासा, सप्लिमेंटरी एस्टिमेट द्या, आणि सर्व्हेअरला उघडलेल्या अवस्थेत पुन्हा बोलवा. पिलर, एप्रन, फ्लोअर यांचे फोटो तारखेसह काढा. चॅसिसच्या मोजमापाचा कागद मागा. तिरके अंतर डावी-उजवीकडे किती मिलिमीटरने चुकतंय ते त्यावर येतं. हे होईपर्यंत "रिपेअर अप्रूव्हल"वर सही नको. एकदा पिलर कापून नवा वेल्ड केला आणि मग खर्च रेषेपलीकडे गेला, तर अर्धवट गाडीचं काय करायचं यावरून महिनोन्‌महिने पत्रव्यवहार चालतो.

क्लचप्लेट
वरच्या हिशेबाला एक जोड. काही वेळा वर्कशॉप अख्खी बॉडी शेल (गाडीचा सांगाडा) बदलायचं एस्टिमेट देतं. तसं असेल तर नव्या शेलवर चॅसिस नंबर कोरण्यासाठी आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागते. ती न घेता शेल बदलली तर आरसीवरचा नंबर आणि गाडीवरचा नंबर यांचा मेळ बसत नाही, आणि अशी गाडी विकताना, फिटनेसला, पुढच्या क्लेमला, प्रत्येक ठिकाणी अडते. शेल बदलायची वेळ आलीच असेल तर टोटल लॉसचा आग्रह धरणंच शहाणपणाचं.

आयडीव्हीबद्दल अजून एक. टोटल लॉस ठरल्यावर काही ठिकाणी "बाजारात या गाडीला एवढे मिळत नाहीत, थोडं खाली या" अशी घासाघीस सुरू होते. ऐकू नका. टॅरिफनुसार टोटल लॉससाठी आयडीव्ही हाच पॉलिसीच्या पूर्ण मुदतीतला बाजारभाव मानायचा असतो. मध्ये किती महिने गेले म्हणून त्यात आणखी घसारा लावता येत नाही. त्यातून फक्त डिडक्टिबल जातं. व्हॉलंटरी घेतलं असेल तर तेही.

बोजा_उतरवा
दुसऱ्या प्रश्नावर येतो, कारण खरी मेख तिथे आहे.

समजा टोटल लॉस मान्य झाला. तुम्हाला मिळायचे ५,६०,००० वजा १,०००, म्हणजे ५,५९,०००. हे पैसे दोन वाटांनी येऊ शकतात. एक, कंपनी पूर्ण रक्कम देते आणि मोडकी गाडी स्वतः घेते. दोन, नेट ऑफ सॅल्व्हेज: कंपनी ऑनलाइन बोली मागवते, सॅल्व्हेजची किंमत वजा करून उरलेलं देते, आणि सॅल्व्हेजचे पैसे बोली लावणारा तुम्हाला देतो.

बोलीचे दोन भाव असतात, आरसीसह आणि आरसीविना. उदाहरणापुरते आकडे घेऊ. आरसीविना १,१०,०००, आरसीसह १,७०,०००.

आरसीविना: कंपनीकडून ४,४९,०००, खरेदीदाराकडून १,१०,०००. एकूण ५,५९,०००.
आरसीसह: कंपनीकडून ३,८९,०००, खरेदीदाराकडून १,७०,०००. एकूण ५,५९,०००.

तुमच्या हातात दोन्हीकडे तेवढेच. वाचलेले ६०,००० कंपनीचे, आणि जोखीम मात्र तुमच्या नावावर.

खरेदीदार भंगाराला ६०,००० जास्त का देतो, हा प्रश्न स्वतःला विचारून बघा. प्रामाणिक उत्तर असं, की तो गाडी दुरुस्त करून रस्त्यावर आणणार आहे. अप्रामाणिक उत्तर असं, की त्याला गाडी नकोच आहे, कागद हवेत. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची चोरीची गाडी आणायची, तिच्यावर तुमचा चॅसिस नंबर ठोकायचा आणि तुमच्या आरसीवर विकायची. ही जुनी पद्धत आहे.

आणि मालक कोण? जोवर आरटीओच्या नोंदीत नाव तुमचं, तोवर तुम्ही. "नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार" या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलंय: गाडी हातोहात कितीही जणांकडे गेली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते. फॉर्म २९ आणि ३० (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे अर्ज) यांवर कोऱ्या सह्या करून दिल्या म्हणजे सुटलो असं नाही. ते फॉर्म खरेदीदाराने आरटीओत दाखल करून नाव बदललं तरच तुम्ही सुटता.

म्हणून "विथ आरसी"ला माझं उत्तर सरळ नाही असंच आहे. कंपनीला ईमेल करा: "टोटल लॉस, आरसी रद्द करून, सॅल्व्हेज कंपनीने घ्यावे किंवा आरसीविना बोलीप्रमाणे हिशेब करावा." हे फोनवर नको, लेखीच.

आपल्याकडे आरसीवर "टोटल लॉस" किंवा "सॅल्व्हेज" असा शिक्का मारायची सोय नाही. अमेरिकेत गाडीच्या टायटलवर तशी नोंद होते आणि पुढे दुरुस्त झाली तरी "रिबिल्ट" म्हणून ती मागे लागते. इथे एक तर आरसी जिवंत, नाहीतर रद्द, मधलं काही नाही. त्यामुळे रद्द करणं हाच एकमेव पक्का पुरावा.

पांढरी_हॅचबॅक
हिशेब समजला. एस्टिमेटमध्ये सबफ्रेम, रॅक दोन्ही नाहीत, गाडी उघडायला सांगतो. आरसी रद्द करायची तर क्रम कसा? कर्ज असल्यामुळे गोंधळ आहे: बँक म्हणते पैसे आल्यावर एनओसी (कर्ज फिटल्याचं ना-हरकत पत्र), कंपनी म्हणते आरसी रद्द झाल्यावर पैसे.

बोजा_उतरवा
हा त्रिकोण नेहमीचाच. बँक पैशाशिवाय एनओसी देत नाही, एनओसीशिवाय आरटीओ बोजा (आरसीवरची कर्जाची नोंद) उतरवत नाही, बोजा असताना आरसी रद्द होत नाही, आणि रद्द झाल्याशिवाय कंपनी पैसे सोडत नाही. तोडायचा तो कंपनीच्या टोकाकडून. पॉलिसीवर हायपोथिकेशनचं एंडोर्समेंट (गाडी कर्जाला तारण असल्याची नोंद, आयएमटी ७) आहेच, त्यामुळे पहिला हक्क बँकेचा. कंपनीला बँकेचं फोरक्लोजर पत्र (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते सांगणारं) द्या आणि कर्जाची रक्कम थेट बँकेला आधी पाठवायला सांगा. बाकीची रक्कम आरसी रद्द झाल्यावर. बदल्यात ठरलेल्या दिवसांत आरसी रद्द करून देईन असं हमीपत्र कंपनी मागते, ते द्यायला हरकत नाही.

फोरक्लोजर पत्रावर मुदत असते. ती उलटली की रोजचं व्याज चढून रक्कम बदलते आणि शे-दोनशे रुपयांसाठी एनओसी अडकते. मुदत बघून पत्र काढा, आणि क्लेम मिटेपर्यंत हप्ते थांबवू नका. थकलेल्या हप्त्याचा डाग सिबिलवर पडतो, तो क्लेमच्या पैशाने पुसला जात नाही.

"विथ आरसी" घेतलं असतं तर इथेही पाय अडकला असता: कंपनीकडून ३,८९,०००, कर्ज ३,९०,००० अधिक व्याज. कमी पडलेले पैसे तुम्ही भरेपर्यंत एनओसी नाही, आणि सॅल्व्हेजवाला एनओसीशिवाय पैसे देत नाही.

पुढचा क्रम:

१. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) आला की आरटीओत बोजा उतरवा.
२. त्याआधी थकलेली ई-चलानं भरून टाका. शंभर-दोनशेचं जुनं चलान अख्खी फाइल अडवतं.
३. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५५ खाली आरसी रद्द करायचा अर्ज. गाडी कायमची निकामी झाली की मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवायचं असतं आणि आरसी जमा करायची असते. सोबत कंपनीचं टोटल लॉसचं पत्र, मूळ आरसी, ओळखपत्र, प्रतिज्ञापत्र, पोलिसांत नोंद असेल तर तिची प्रत.
४. चॅसिस नंबरचा कापलेला तुकडा. आरटीओ तो मागतं, म्हणून गाडी वर्कशॉपमधून उचलली जाण्याआधीच कापून घ्या, कापण्याआधी पेन्सिलचा ठसा आणि फोटो घ्या. गाडी एकदा गेली की तो तुकडा परत मिळवणं म्हणजे सॅल्व्हेजवाल्याच्या मागे फिरणं.
५. पुढची-मागची नंबर प्लेट आणि फास्टॅग काढून ठेवा. फास्टॅग बँकेकडून बंद करा.
६. "वाहन" पोर्टलवर स्टेटस रद्द दिसतंय याचा स्क्रीनशॉट. पोच म्हणजे रद्द झालं असं समजू नका, पोच अर्जाची असते.

गाडी दुसऱ्या आरटीओत नोंदलेली असली तरी जिथे राहता तिथे कळवता येतं, पण रद्द मूळ आरटीओच करतं; तिथल्या नोंदीपर्यंत पाठपुरावा तुमचा.

दुसरी वाट म्हणजे अधिकृत स्क्रॅपिंग केंद्र. २०२१ च्या नियमांनुसार ते सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट (गाडी भंगारात जमा केल्याचा दाखला) देतं. त्यावर नव्या खासगी गाडीच्या वाहनकरात राज्याच्या धोरणाप्रमाणे २५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. पण सॅल्व्हेज तुमच्याकडे राहणार असेल तरच, आणि केंद्राचा भाव बोलीपेक्षा खूप खाली नसेल तरच याचा विचार करा. सरळ गाडी रद्द करत असाल तर भरलेल्या एकरकमी वाहनकराचा काही भाग परत मागता येतो का, हेही त्याच खिडकीवर विचारून अर्ज द्या.

सर्व्हे_वही
पॉलिसीच्या बाजूचं राहिलं. गाडी सप्टेंबर २०१८ नंतरची आहे, म्हणजे थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घेतलेला असणार. तुमची तीन वर्षं संपत आलीत, त्यामुळे इथे फार काही हाती लागणार नाही. पण गाडी वर्षभराची असताना टोटल लॉस झाला तर उरलेल्या वर्षांच्या प्रीमियमचा परतावा लेखी मागायचा. आपणहून फारसं कोणी देत नाही.

रिटर्न टू इनव्हॉइस घेतलं असतं तर आयडीव्ही आणि इनव्हॉइसमधला फरक मिळाला असता, काही पॉलिसींत नोंदणी आणि रोड टॅक्ससुद्धा. ते फक्त चोरी आणि टोटल लॉसलाच लागू होतं, दुरुस्तीला नाही, आणि ठरावीक वयापर्यंतच मिळतं.

"कॅश लॉस" नावाचा तिसरा पर्यायही पुढे येईल: दुरुस्ती न करता ठरलेली रक्कम घ्या आणि गाडी ठेवा. बिल नसल्यामुळे त्यात जीएसटी धरत नाहीत आणि आकडा आणखी खाली येतो. तुमच्या गाडीच्या अवस्थेत यात काही राम नाही.

वर्कशॉपचं पार्किंग भाडं आणि एस्टिमेट चार्ज आजच विचारून घ्या. काम दुसरीकडे गेलं किंवा टोटल लॉस झाला की वर्कशॉप ते लावतं, आणि क्लेममध्ये ते येत नाही. निर्णयाला कंपनीकडून उशीर झाला असेल तर भाडं कंपनीने सोसावं, अशी ईमेल तारखांसह तेव्हाच टाकायची, नंतर नाही.

क्लचप्लेट
गाडी उघडल्यावरही सर्व्हेअर हटला नाही तर: सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा, तो तुमचा हक्क आहे. रिपोर्टमध्ये कोणता पार्ट "रिपेअर" आणि कोणता "रिप्लेस" धरलाय ते ओळीओळीने बघा. रेषेच्या अलीकडे ठेवायची खरी जागा तिथेच असते. दुमडलेला ए-पिलर "डेंटिंग"मध्ये टाकला असेल तर उत्पादकाच्या रिपेअर मॅन्युअलचं पान वर्कशॉपकडून लेखी घ्या.

मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल. महिनाभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षात जायचं. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची, पण तिथे एकदा गेलात की त्याच विषयावर लोकपाल ऐकत नाही. आधी लोकपाल, मग आयोग.

आणि "फुल अँड फायनल"च्या डिस्चार्ज व्हाउचरवर (पूर्ण पैसे मिळाल्याच्या पावतीवर) रक्कम कोरी असेल तर सही करू नका. वाद ठेवून पैसे घ्यायचे असतील तर सहीशेजारी "हरकत राखून" असं लिहा आणि त्याच दिवशी कारण ईमेलने कळवा.

पांढरी_हॅचबॅक
फोरक्लोजर पत्र आणि लेखी विनंती दोन्ही उद्या पाठवतो. गाडी उघडल्यावरचं सप्लिमेंटरी एस्टिमेट आलं की फाटे इथे टाकतो.

सर्व्हे_वही
टाका. रॅकचा पार्ट नंबरही टाका. पॉवर स्टिअरिंगची मोटर रॅकसोबत येते की वेगळी, त्यावर पंधरा-वीस हजारांचा फरक पडू शकतो आणि तुम्ही रेषेपासून फक्त पावणेतेरा हजार अलीकडे आहात.